दारावरचे विक्रेते, ‘गॅस चेकिंग’वाले, वर्गणीवाले : गेटवर नेमका नियम काय ठेवायचा?

बी_विंग_सचिव

नमस्कार मंडळी. पुण्याच्या उपनगरातली नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था. तीन इमारती, ८४ सदनिका, एक मोठं गेट, मागे एक छोटं. दिवसा दोन रखवालदार, रात्री एक. दुपारी निम्म्याहून जास्त घरांत फक्त ज्येष्ठ मंडळी असतात.

गेटवर पाटी आहे : ‘फेरीवाले व विक्रेते यांना प्रवेश बंद’. तरी रोज कोणीतरी वर पोचतंच. शेगडी तपासणारे, पाण्याची मोफत चाचणी करणारे, भांडी चमकवून देणारे, पावतीपुस्तक घेऊन फिरणारे, ‘सर्व्हे’वाले. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घेतोय, म्हणून नेमकं विचारतो :

१. संस्था कोणाला अडवू शकते, आणि कोणाला अडवू शकत नाही?
२. गॅस, वीज, पालिका अशी नावं सांगून येणाऱ्यांची खातरजमा कशी करायची?
३. दारात वस्तू घेतली, पैसे दिले, नंतर पश्चात्ताप झाला, तर मार्ग काय?
४. कमिटीत एक प्रस्ताव आहे : प्रत्येक विक्रेत्याकडून १०० रुपये आणि आधारची झेरॉक्स घ्यायची. हे चालेल का?

उपविधी_वाचा

सचिवसाहेब, आधी ती पाटी उतरवा. ‘प्रवेश बंद’ लिहिलं की रखवालदार डोक्यावर टोपली असलेल्याला अडवतो आणि गळ्यात ओळखपत्राची पट्टी असलेल्याला सलाम करतो. ती पट्टी आणि प्लॅस्टिकचं पाकीट कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात मिळतं.

तुमचं आवार, जिना, लिफ्ट, पार्किंग ही खासगी जागा. विकायला येणाऱ्याला तिथे येण्याचा हक्क नाही. कधीकधी विक्रेते पालिकेचं प्रमाणपत्र दाखवतात. पथविक्रेता अधिनियम २०१४ खालचं ते प्रमाणपत्र खरं असतं, पण त्यावर तुमचा जिना चढता येत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा : गेटबाहेर सार्वजनिक रस्त्यावर उभा असलेला प्रमाणपत्रधारक तुमच्या रखवालदाराला हाकलता येत नाही. अडचण होत असेल तर पालिकेकडे लेखी तक्रार, एवढंच.

आता खरी मेख. सदस्याने स्वतः बोलावलेल्या माणसाला संस्था अडवू शकत नाही. मग तो एलआयसीचा एजंट असो, गादी शिवणारा असो की कुंडीत खत घालणारा. म्हणून भेद ‘विक्रेता की पाहुणा’ असा करू नका. ‘बोलावलेला की न बोलावलेला’ असा करा. ठरावाचा मसुदा देतो, शब्द जपून वापरलेत :

‘विक्री, जाहिरात, नोंदणी, खासगी सर्वेक्षण किंवा वर्गणी यांसाठी येणाऱ्या व्यक्तीस, संबंधित सदनिकाधारकाने इंटरकॉमवर होकार दिल्याखेरीज गेटच्या आत सोडले जाणार नाही. एका सदनिकेचा होकार त्या सदनिकेपुरताच राहील. काम झाल्यावर सदर व्यक्ती थेट गेटवर परत येईल व चिठ्ठी जमा करील.’

यातलं दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ३०४ नंबरने ‘पाठवा’ म्हटलं की माणूस लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर जातो आणि एकेक बेल वाजवत खाली उतरतो. नेहमीची रीत आहे ही. वर चढताना माणूस दमतो, उतरताना नाही. चिठ्ठीवर सदनिका क्रमांक आणि आत सोडल्याची वेळ मोठ्या अक्षरात हवी. वीस मिनिटांत चिठ्ठी परत नाही आली तर गेटवरून त्याच सदनिकेला फोन.

अडवता येणार नाहीत अशी माणसं : ओळखपत्र दाखवणारे पोलीस, पोस्टमन, न्यायालयाचा बेलिफ, मतदार यादीचं काम करणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, पालिकेचं आरोग्य पथक (पल्स पोलिओ, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये डासांच्या अळ्या बघणारे), आणि प्रगणक. २०२७ च्या जनगणनेसाठी हे स्पष्ट लिहून ठेवा. जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम ९ प्रमाणे प्रगणकाला वाजवी प्रवेश देणं घरात राहणाऱ्यावर बंधनकारक आहे आणि कलम ८ प्रमाणे विचारलेल्या प्रश्नांना खरी उत्तरं देणंही. (त्याच कलमात एक जुनी सवलत आहे : प्रथेमुळे नवऱ्याचं नाव घेता येत नसेल तर बाईने ते सांगायची सक्ती नाही. उखाण्याची अटही नाही.) पण प्रगणक ओटीपी मागत नाही, बँक खातं विचारत नाही, पैसे तर मुळीच घेत नाही. यातलं काही मागितलं तर तो प्रगणक नाही.

रखवालदाराच्या अधिकाराबद्दल. तो नाव विचारू शकतो, नोंद करू शकतो, आत सोडायला नकार देऊ शकतो. अंगझडती घेऊ शकत नाही, पिशवी हिसकावू शकत नाही, मोबाइल ठेवून घेऊ शकत नाही. नजरेसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर कोणीही नागरिक माणसाला धरू शकतो, पण विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावंच लागतं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०). ‘कोंडून ठेवला, चोप दिला’ असं झालं तर गुन्हा संस्थेच्या माणसांवर होतो.

आणि नुसती बेल वाजवली म्हणून ‘अतिक्रमण’ होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ ला गुन्ह्याचा, धमकीचा, अपमानाचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. म्हणून ‘निघा’ हे स्पष्ट, साक्षीदारासमोर सांगायचं. तरी तिथेच ठिय्या मारून त्रास देत राहिला तर मग ११२.

१०० रुपये आणि आधार : दोन्ही नको. आधारची झेरॉक्स गेटवरच्या वहीत ठेवणं म्हणजे शंभर अनोळखी माणसांची कागदपत्रं अशा खोलीत ठेवणं, जिला कुलूप नाही. नाव, मोबाइल, कंपनी, कोणाकडे, आत, बाहेर, एवढे सहा रकाने पुरेत. मोबाइल नंबर वहीत उतरवून थांबू नका, तिथल्या तिथे मिस्ड कॉल द्या. खोटा नंबर जागीच कळतो. पैशाबद्दल : दारोदार फिरायची ‘फी’ घेतली की न बोलावलेल्याला तुम्हीच परवाना दिल्यासारखं होतं. पार्किंगमध्ये एखाद्या बँकेला किंवा कंपनीला टेबल लावायचं असेल तर वेगळी गोष्ट. त्याचं भाडं घ्या, संस्थेच्या नावाची पावती द्या, धनादेश किंवा खात्यावरच घ्या. हे उत्पन्न बाहेरच्याकडून आलेलं, सदस्यांनी आपसांत जमवलेल्या पैशांना जी करसवलत मिळते तिच्यात ते बसत नाही, त्यामुळे करपात्र. लेखापरीक्षकाला वेगळं दाखवा.

बर्नर_नंबर_तीन

गॅसचं मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त माणसं याच नावाने घरात शिरतात. ‘गॅस’ म्हटलं की घाबरून दार उघडतात लोक.

ठरलेला प्रकार असा. दोघं येतात, निळा किंवा केशरी शर्ट, हातात छापील फॉर्म. ‘कंपनीकडून तपासणी आहे, केली नाही तर सिलिंडर बंद होईल.’ स्वयंपाकघरात गेल्यावर एक जण नळी वाकवून भेग दाखवतो. कुठलीही जुनी नळी जोरात वाकवली की बारीक रेषा दिसतातच. मग नवी नळी, नवा रेग्युलेटर, आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह व रेग्युलेटर यांच्यामध्ये बसवायचं ‘सेफ्टी डिव्हाइस’. शेवटी दीड-दोन हजारांची पावती, तिच्यावर गॅस कंपनीसारखं दिसणारं पण नसलेलं नाव.

यातलं काय खरं, काय खोटं :

एजन्सीकडून तपासणी होते, हे खरं. पण तो माणूस तुमच्या एजन्सीचं नाव आणि तुमचा ग्राहक क्रमांक स्वतः सांगतो. ‘तुमचा नंबर काय?’ असं तो तुम्हाला विचारत असेल तर यादी त्याच्याकडे नाही. पासबुकावरच्या किंवा बिलावरच्या एजन्सीच्या नंबरला फोन लावा. त्याने दिलेल्या नंबरला नको, पलीकडे त्याचाच जोडीदार बसलेला असतो.

रेग्युलेटर विकत घ्यायची वस्तूच नाही. जोडणी घेताना अनामत भरून तो कंपनीकडून मिळतो, जोडणीच्या मूळ कागदावर त्याची नोंद असते. बिघडला तर तो कागद आणि जुना रेग्युलेटर घेऊन एजन्सीत जायचं. दारात रेग्युलेटर विकणारा कंपनीचा नसतोच.

नळी : केशरी रंगाची, आत तारेची जाळी असलेली ‘सुरक्षा’ नळी घ्यायची. अंगावर आयएस ९५७३ आणि मुदतीचं वर्ष छापलेलं असतं. ते वर्ष उलटलेलं नसेल, नळी कडक झालेली नसेल, उंदराने कुरतडलेली नसेल, तर ती बदलायची गरज नाही. लांबी दीड मीटरच्या आत, मध्ये जोड नको, ओट्याच्या भोकातून चेपून नेलेली नको. घरात आलेल्या माणसाने काही दाखवण्याआधी तुम्ही स्वतः छापलेलं वर्ष वाचा आणि मोठ्याने सांगा. निम्मे तिथेच गळतात.

मधलं ‘डिव्हाइस’ बसवू नका. जोड वाढला की गळतीची जागा वाढली, साधा हिशेब आहे.

गळतीची शंका आली तर घरीच : वाटीभर पाण्यात चमचाभर भांड्याचा साबण, फेस करून बोटाने किंवा जुन्या ब्रशने रेग्युलेटरच्या तळाशी, नळीच्या दोन्ही टोकांना आणि शेगडीच्या नॉबखाली लावा. बुडबुडा वाढत राहिला तर तिथे गळती. काडी ओढून बघायचं नाही. रेग्युलेटर बंद करून काढा, सिलिंडरला टोपण लावा, खिडक्या उघडा, विजेचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका, आणि १९०६ ला (गॅस गळतीची हेल्पलाइन) फोन. बहुतेक वेळा दोष व्हॉल्व्हच्या आतल्या छोट्या रबरी चकतीचा असतो. सिलिंडर आणून देणाऱ्याकडूनच तपासून घ्या, तो तिथल्या तिथे बदलतो.

अजून एक. सिलिंडर घेताना मोबाइलवर येतो तो कोड फक्त सिलिंडर हातात आल्यावर द्यायचा. ‘तपासणीची नोंद करायला कोड सांगा’ ही नवी थाप आहे.

पाइपच्या गॅसवाल्यांनी बिलामागचा नंबर फिरवायचा, बाकी हाच नियम.

कॅपॅसिटर

विजेचं थोडक्यात. मीटर बहुतेक इमारतींत खाली मीटर खोलीत असतात. महावितरणच्या माणसाला तुमच्या दिवाणखान्यात काही काम नसतं. घरात येऊन ‘लोड तपासतो’ म्हणणारा, वीज वाचवणारं पेटीसारखं यंत्र विकणारा (आत एक कॅपॅसिटर आणि एक दिवा, घरगुती बिलात काडीचाही फरक नाही), थकबाकी रोख मागणारा, तिघांनाही दारातूनच परत पाठवा. शंका असेल तर १९१२.

कडू_पाणी

पाण्याच्या मोफत चाचणीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून, म्हणून. ही जादू एकदा समजली की परत कोणी फसवू शकत नाही.

विक्रेता दोन पेले मांडतो. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. चार सळया असलेलं एक छोटं यंत्र दोन्हींत बुडवून वीज सोडतो. अर्ध्या-एक मिनिटात नळाचं पाणी आधी पिवळट, मग तपकिरी, मग चहाच्या चोथ्यासारखं गढूळ. दुसरं स्वच्छ. ‘हे तुम्ही रोज पिताय, आजी!’

ती घाण पाण्यात नव्हतीच. ती सळयांतून आली. लोखंडी सळयांतून वीज वाहिली की लोखंड विरघळून गंज होतो. वीज वाहायला पाण्यात क्षार लागतात, नळाच्या पाण्यात ते असतात. आरओच्या पाण्यातून जवळपास सगळे क्षार काढलेले, त्यामुळे वीज वाहत नाही, सळया झिजत नाहीत. पडताळा सोपा : त्याच्या ‘शुद्ध’ पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता लावा. तेही तितकंच काळं होतं. विक्रेता शक्यतो तोवर सामान आवरायला लागलेला असतो.

टीडीएस मीटर हे खरं उपकरण, पण ते विरघळलेले क्षार मोजतं, जंतू नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर २०००. मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणी ५०० च्या बरंच खाली असतं. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर मोजून बघा, तिथे आरओचा विचार रास्त आहे. धरणाच्या पाण्याला यूव्ही किंवा साधं उकळणं पुरतं.

ग्राहक_तक्रार

सचिवसाहेब, तुमचा तिसरा प्रश्न.

आधी ओळखा की समोर कोण आहे. साखळी पद्धतीने, म्हणजे दुकानाऐवजी माणसांच्या जाळ्यातून माल विकणारी थेट विक्री कंपनी असेल, तर ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम २०२१ लागू होतात. डिसेंबर २०२१ पासून आहेत, पण विक्रेत्यांनाच माहीत नसतात. त्यांत स्पष्ट आहे : ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ किंवा परवानगी याशिवाय विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जायचंच नाही. दारात उभं राहिल्यावर पहिल्यांदा आपलं नाव, कंपनी, माल आणि येण्याचा हेतू सांगायचा. विकल्यावर लेखी द्यायचं ते : आपलं आणि कंपनीचं नाव-पत्ता-फोन, मालाचं वर्णन, रक्कम, तारीख, तक्रारीची सोय, आणि ऑर्डर रद्द करून किंवा विकण्याजोग्या स्थितीत माल परत करून पूर्ण पैसे मिळवण्याचा हक्क. ही शेवटची ओळ पावतीवर शोधा. गेटच्या ठरावालाही हा नियम जोडून ठेवा, ‘आम्हाला अडवता कसे’ म्हणणाऱ्या साखळीवाल्याला दाखवायला बरा.

साधा विक्रेता असेल (गादी, कुकर, पुस्तकांचा संच) तर ‘मन बदललं’ म्हणून परत घेण्याची सक्ती त्याच्यावर नाही. लोक इथेच चुकतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सांगतो ते एवढं : बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा, आणि सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. म्हणजे दोष दाखवता आला पाहिजे आणि बिल हातात पाहिजे.

बिघडतं कुठे ते सांगतो. रोख पैसे, बिल नाही, ‘उद्या पोचवतो’. किंवा जुना मिक्सर ‘एक्स्चेंज’मध्ये उचलून नेला, नवा आलाच नाही. किंवा स्क्रॅच कार्डावर ‘दुसरं बक्षीस’ निघतं आणि ते घ्यायला आधी काहीतरी भरायचं असतं. किंवा हप्त्यांचा फॉर्म : तीन सह्या, पॅनचा फोटो, मोबाइलवर आलेला ओटीपी, आणि महिन्याने कळतं की ते वस्तूचं बिल नव्हतं, कर्जाचा अर्ज होता. दारात उभं राहून कुठल्याही कागदावर सही नाही आणि ओटीपी नाही, एवढं ज्येष्ठांना पक्कं सांगा. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. ‘परतावा मिळण्यासाठी पिन टाका’ हे वाक्य ऐकलं की फोन खिशात.

तक्रार : पहिल्यांदा विक्रेत्याला लेखी, व्हॉट्सॲपही चालतं, तारीख राहते. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरी हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. पैसे ऑनलाइन लुबाडले गेले असतील तर या रांगेत उभे राहू नका, आधी १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन), तेही त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात, पण उशीर झाला की ते आणखी पुढे गेलेले असतात.

सराफकट्टा

वर ‘भांडी चमकवून देणारे’ एवढंच लिहिलंय. सगळ्या यादीत धोकादायक हेच, आणि हे विक्रेते नाहीत, चोर आहेत. गेटवर यांच्यासाठी इंटरकॉमही करू नये.

क्रम कायम तोच. आधी पावडरचं पाकीट फुकट. देवघरातली पितळी समई किंवा तांब्याचा लोटा मागतात, दोन मिनिटांत लखलखीत. मग चांदीचं निरांजन. ते खरंच उजळतं, इथे विश्वास बसतो. मग ‘बांगड्या काळ्या पडल्यात, काढा’. सोनं द्रावात बुडवतात, किंवा कुकरच्या भांड्यात हळदीच्या पाण्यात घालून गॅसवर ठेवतात आणि सांगतात, वीस मिनिटं झाकण उघडू नका. वीस मिनिटांत ते दोन रस्ते पलीकडे.

चोरी दोन तऱ्हांनी होते. एक, सरळ अदलाबदल : भांड्यात दागिना गेलाच नाही किंवा खोटा गेला. दुसरी तऱ्हा समजायला अवघड. द्राव राजपाण्याचा असतो, म्हणजे तीव्र नायट्रिक आम्ल एक भाग आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तीन भाग. सोनं विरघळवणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक. बांगडी परत मिळते, चकाकतेही, पण वजन घटलेलं. कडेची नक्षी बोथट झालेली दिसते, हातात घेतली की हलकी लागते. गेलेलं सोनं त्या पिवळट-नारिंगी पाण्यात असतं, आणि ते पाणी तो ‘घाण पाणी’ म्हणत आपल्या बाटलीत भरून नेतो.

घडलंच तर : घरात राहिलेला द्राव मोरीत ओतू नका. त्यात तुमचं सोनं आहे आणि तो पुरावाही आहे. धातूच्या भांड्यात ठेवू नका. काचेच्या बरणीत ठेवा, पण झाकण घट्ट लावू नका, वायू साचून बरणी फुटते. हवेशीर जागी, मुलांपासून लांब, वाफ हुंगू नका, हातात रबरी मोजे. दागिन्याचं वजन सराफाकडून लेखी घ्या आणि मूळ खरेदीच्या बिलावरच्या वजनाशी ताडा. तोच फरक तक्रारीत लिहायचा असतो. पोलीस ठाणं कुठलंही चालतं, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. फसवणुकीला न्याय संहितेचं कलम ३१८, घरातल्या चोरीला कलम ३०५, दोन्हींत सात वर्षांपर्यंत शिक्षा.

बी_विंग_सचिव

सगळ्यांचे आभार, मसुदा बदलायला घेतला. दोन गोष्टी राहिल्या. वर्गणी, आणि भाजीवाली. कमिटीतले काही जण म्हणतात नियम सगळ्यांना सारखा, तिलाही इंटरकॉम. पण ती रोज तीस घरांत जाते, रखवालदार तीस फोन कुठे करत बसणार?

मंडळ_खजिनदार

वर्गणीचं सोपं आहे, कागद मागा. नोंदणी नसलेल्या उत्सव मंडळाला वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. खरं मंडळ त्या परवानगीची प्रत पावतीपुस्तकाला चिकटवूनच फिरतं. पावतीवर अनुक्रमांक, मंडळाचं पूर्ण नाव, वर्ष, आणि स्थळप्रत मागे राहणारी. परवानगी नाही, पावती क्रमांक शाईने लिहिलेला, रक्कम आधीच छापलेली : नको. रक्कम कधीच ठरलेली नसते, ११ रुपयेही वर्गणीच. ‘एवढीच द्या, नाहीतर बघून घेऊ’ ही वर्गणी नाही, खंडणी आहे, आणि ती तशीच नोंदवता येते.

सगळ्यात बरं, संस्थेने ठराव करून एकदाच संस्थेच्या नावाने रक्कम द्यावी आणि पावतीची प्रत गेटवर लावावी. मग दारोदार येण्याचं कारणच उरत नाही.

उपविधी_वाचा

भाजीवालीला तीस फोन नकोतच. रोज येणाऱ्यांसाठी वेगळा वर्ग करा : भाजी, दूध, पेपर, इस्त्री, कचरा, रद्दी. एकदा नोंद, फोटोसह संस्थेचं कार्ड, वर्षभराची मुदत, वेळ ठरलेली. आधीच्या ठरावात एक ओळ वाढवा : ‘संस्थेचे वैध कार्ड असलेल्या नियमित सेवा देणाऱ्यांस हा नियम लागू नाही.’ नियम सारखा म्हणजे पद्धत सारखी, त्रास सारखा नव्हे. आणि त्यांना लिफ्ट बंद, जिन्याने जा, असलं काही लिहू नका. वीस किलोची टोपली चार मजले चढवायला लावणाऱ्या संस्था पाहिल्या की लाज वाटते.

पसाभर

रद्दीवाल्याबद्दल पुरवणी. कार्ड देताना काटा बघा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाची मुद्रा असते, ती दरवर्षी नव्याने करून घ्यावी लागते, वर्ष वाचा. हुकाचा स्प्रिंगचा हातकाटा मान्यच करू नका, त्यात बोटाने दोन किलो इकडे-तिकडे होतात. पडताळणीसाठी घरातली न फोडलेली पाच किलो पिठाची पिशवी टांगा. पिशवीसकट पाचाहून थोडं जास्तच भरलं पाहिजे. कमी दाखवलं तर रद्दी परत कपाटात.

बी_विंग_सचिव

नवी पाटी अशी करतोय, चुकत असेल तर सांगा :

‘कोणाकडे जायचे ते सांगा. सदनिकेचा होकार आल्यावरच प्रवेश. चिठ्ठी परत द्या. सरकारी कामासाठी आलेल्यांनी ओळखपत्र दाखवून नोंद करावी.’

रखवालदाराच्या टेबलाच्या काचेखाली नंबर : ११२, १९०६, १९१२, १९१५, १९३०, गॅस एजन्सी, पोलीस चौकी. मागच्या गेटला दुपारी १ ते ४ कुलूप लावायचा विचार आहे, तिथे माणूस नसतो.

उपविधी_वाचा

पाटी चांगली. ‘सरकारी कामासाठी आलेल्यांनी’ च्या पुढे ‘रोख पैसे मागितल्यास गेटवर कळवा’ हे रहिवाशांसाठी लिफ्टमध्ये वेगळं लावा, गेटवर नको.

कुलूप मात्र लावू नका. मागचं गेट अग्निशमनच्या मंजूर नकाशात बाहेर पडण्याचा मार्ग म्हणून असण्याची शक्यता आहे, नकाशा काढून बघा. आतून विनाकिल्ली उघडणारी आणि बाहेरून न उघडणारी कडी बसवा. लोहार दीड-दोन तासांत बसवतो. वर एक साधी घंटा लावा, दार उघडलं की मोठ्या गेटवर वाजेल अशी.